उद्घाटनाआधी नवी रुग्णालय इमारत नेमकी कशी तपासायची?

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या ठिकाणी १०० खाटांचं नवं उपजिल्हा रुग्णालय बांधून तयार आहे. कंत्राटदार म्हणतो, ताबा घ्या. उद्घाटनाची तारीख तीन आठवड्यांवर आली आहे. वैद्यकीय अधीक्षक विचारतात, 'सगळे दाखले फाइलला लागले आहेत, तरी सही करण्याआधी आम्ही स्वतः काय बघायचं?'

दाखला असतो यंत्रणा बसवल्याचा. ती दार लावल्यावर, वीज गेल्यावर, सगळ्या खाटा भरल्यावर चालते का, हे त्यात नसतं. म्हणून प्रत्येक तपासणीत यंत्रणा चालू करून दाखवा म्हणू नका, एखादी गोष्ट बंद पाडा आणि काय होतं ते बघा. आकडा तुमच्या माणसाने, तुमच्या खोलीत, वाचून लिहिलेला हवा.

दुसरी गोष्ट, निविदेशी जुळतंय एवढ्यावर थांबू नका. एडिंबरामधलं मुलांचं नवं रुग्णालय जुलै २०१९ मध्ये उघडण्याच्या काही दिवस आधी थांबवावं लागलं, कारण अतिदक्षता विभागात तासाला १० वेळा हवा बदलायला हवी होती आणि बदलत होती ४ वेळा. यंत्र बिघडलेलं नव्हतं. सुरुवातीच्या एका तक्त्यात ४ असं पडलं होतं आणि पुढे सगळ्यांनी ४ इमानेइतबारे बांधून दिलं. ते रुग्ण नव्या इमारतीत गेले २०२१ मध्ये. त्यामुळे मोजलेला आकडा निविदेशेजारी ठेवा, तसाच मानकाशेजारीही ठेवा.

सुरुवात फॉल्स सीलिंगच्या वर

शक्य असेल तर फॉल्स सीलिंग बंद होण्याआधीच जा. बंद झालं असेल तर प्रत्येक मजल्यावर आठ-दहा टाइल्स उचलायला लावा, त्या तुम्ही निवडा. टॉर्च घेऊन बघायचं ते असं. वॉर्ड आणि कॉरिडॉरमधली भिंत स्लॅबपर्यंत गेली आहे की फॉल्स सीलिंगला टेकून थांबली आहे? थांबली असेल तर धूर वरच्या पोकळीतून सरळ शेजारच्या वॉर्डात जाईल, खाली फायर डोअर कितीही चांगलं असो. भिंतीतून केबल ट्रे आणि पाइप जिथे जातात ती भोकं कशाने बुजवली आहेत? बऱ्याचदा पिवळा पीयू फोम मारलेला असतो. साधा पीयू फोम स्वतःच जळतो. तिथे अग्निरोधक सीलंट किंवा मॉर्टार हवा. एसीचा डक्ट अशी भिंत ओलांडतो तिथे फायर डॅम्पर (आगीत डक्ट आपोआप बंद करणारी पट्टी) आहे का, आणि त्याच्यापर्यंत हात जाईल अशी झडप डक्टला ठेवली आहे का? झडपच नसेल तर तो डॅम्पर कधीच तपासला जाणार नाही. कोलकात्याच्या आम्री रुग्णालयात डिसेंबर २०११ मध्ये आग तळघरात होती आणि माणसं वरच्या मजल्यांवर धुराने गेली.

त्याच वेळी ओटी (शस्त्रक्रियागृह), आयसीयू आणि एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा कक्ष) यांच्या वरून संडास-बाथरूमचा पाइप जातोय का तेही बघून घ्या. जात असेल तर तो वळवायला लावा. तो आज कोरडा असेल, पण वरच्या मजल्यावर रुग्ण आले की सांधा पाझरेल आणि थेंब ऑपरेशन टेबलावर पडेल. वरच्या प्रत्येक बाथरूमला नहाणी ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालून छत बघा. कोकणात किंवा घाटमाथ्यावर इमारत असेल आणि ती अजून एकाही पावसाळ्यातून गेली नसेल, तर गच्चीवरही तसंच पाणी साठवा. एक्स्पान्शन जॉइंटची पट्टी तर खास बघा, गळती तिथूनच सुरू होते.

ऑक्सिजन: इथे घाई नको

मेडिकल गॅसच्या पाइपलाइनला दाब आहे, एवढं दाखवून कंत्राटदार मोकळा होतो. दाब हवेनेही येतो आणि नायट्रोजननेही. तांब्याचे सांधे ब्रेझिंग करताना (धातू वितळवून जोडताना) आतून नायट्रोजन सोडतात, त्यानेच लाइन भरलेली राहिली तर गेज ४ बार दाखवेल, फ्लोमीटरचा गोळाही वर जाईल, आणि रुग्णाला मिळेल नायट्रोजन. म्हणून प्रत्येक आउटलेटला ऑक्सिजन अ‍ॅनालायझर लावायचा. नमुन्यादाखल चार आउटलेट नकोत, सगळेच हवेत. १०० खाटांच्या रुग्णालयात हे काम एका दिवसात होतं. द्रवरूप ऑक्सिजनवर वाचन ९९ टक्क्यांच्या वर हवं. पीएसए प्लांटवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या) ९० ते ९६ मध्ये येईल आणि ते बरोबर आहे. मेडिकल एअरच्या आउटलेटला २१ च्या आसपास.

त्याच्याही आधी अदलाबदलीची चाचणी. सगळ्या वायूंचा दाब शून्यावर आणायचा. मग फक्त ऑक्सिजन सोडायचा आणि एअर, नायट्रस, व्हॅक्यूमच्या प्रत्येक आउटलेटला प्रोब लावून काहीच येत नाही ना ते बघायचं. तो बंद करून पुढचा वायू, तसंच शेवटपर्यंत. नंतर वॉर्डात एखादा आउटलेट वाढवला किंवा लाइन कापून जोडली, तर ही चाचणी परत पहिल्यापासून.

आउटलेटसमोर पांढरा स्वच्छ फडका धरून अर्धा मिनिट जोरात वायू सोडा. फडक्यावर काळी भुकटी आली, तर ब्रेझिंग नायट्रोजनशिवाय झालं आहे. ती काजळी उद्या व्हेंटिलेटरच्या फिल्टरमध्ये जाते. लाइन धुवून ती पूर्ण जात नाही, पुन्हा पुन्हा येत राहते. इथे कंत्राटदाराशी वाद होईल. मागे हटू नका.

दाब वाहत्या वायूवर मोजा. ओटीच्या आउटलेटमधून मिनिटाला १०० लिटर सोडल्यावर दाब ३.७ बारच्या खाली जाता कामा नये. सक्शनला मिनिटाला ४० लिटर ओढ असताना किमान ३०० मिमी पारा टिकायला हवा. नवीन रुग्णालयांत सक्शन हा नेहमीचा रडका भाग आहे. पंप पुरेसा असतो, पण पाइप बारीक असतात किंवा आउटलेट गळत असतात, आणि शेवटच्या खाटेला ओढ उरत नाही. त्यामुळे मोजायला सुरुवात पंपापासून सगळ्यात लांबच्या खाटेपासून करा.

मग झोन व्हॉल्व्ह. प्रत्येक व्हॉल्व्ह बंद करा आणि नेमक्या कोणत्या खाटांचा ऑक्सिजन जातो ते लिहा. पेटीवर 'आयसीयू १ ते ६' असं लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात शेजारची रिकव्हरी रूमही बंद पडते. हा व्हॉल्व्ह आगीच्या वेळी ड्युटीवरच्या सिस्टरनेच बंद करायचा असतो, तोही खोलीच्या बाहेरून. तो औषधांच्या कपाटामागे किंवा कुलूपबंद पेटीत असेल तर असून नसल्यासारखा.

शेवटी टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. राखीव सिलिंडरचा मॅनिफोल्ड (एकत्र जोडलेला संच) आपोआप चालू झाला पाहिजे आणि अलार्म नर्सिंग स्टेशनवर वाजला पाहिजे. फक्त मॅनिफोल्ड रूममध्ये वाजणारा अलार्म रात्री दोन वाजता कोण ऐकणार? नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी टाकीला गळती लागून दाब घसरला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. टाकी आणि खाट यांच्यामध्ये दुसरा स्रोत किती सेकंदांत उभा राहतो, हा आकडा तुमच्या वहीत हवाच.

ओटीची हवा

साधारण ओटी २० फूट बाय २० फूट, उंची १० फूट. म्हणजे ४,००० घनफूट. तासाला २० वेळा हवा बदलायची तर ८०,००० घनफूट, म्हणजे मिनिटाला सुमारे १,३३३ घनफूट. त्यातले ४ बदल ताज्या हवेचे, म्हणजे मिनिटाला सुमारे २६७ घनफूट बाहेरून आलेली हवा. हा हिशेब फळ्यावर लिहा आणि तपासणाऱ्या एजन्सीला डिफ्यूझरखाली हूड किंवा अ‍ॅनिमोमीटर लावून तेवढी हवा दाखवायला सांगा. स्प्लिट एसी कितीही टनांचा असला तरी तो आतलीच हवा फिरवतो, ताजी हवा शून्य. ओटीत स्प्लिट एसी दिसला तर पुढचं मोजण्यात अर्थ नाही.

तापमान २१ अंशांच्या आसपास, तीन अंश इकडे-तिकडे. आर्द्रता २० ते ६० टक्के. मुंबई-रत्नागिरीकडे जुलैत ६० च्या आत ठेवणं हीच खरी परीक्षा. हिवाळ्यात घेतलेली चाचणी तिथे काही सांगत नाही, निदान रिहीटची (गार करून कोरडी केलेली हवा पुन्हा थोडी तापवण्याची) सोय आहे का एवढं तरी बघा. हेपा फिल्टरची (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) गळती चाचणी फिल्टर जागेवर बसवल्यानंतर व्हायला हवी. कारखान्याचं सर्टिफिकेट फिल्टरचं असतं, गळती मात्र फ्रेम आणि गॅस्केटमधून होते.

दाब बाहेरच्यापेक्षा किमान २.५ पास्कल जास्त हवा, दारं बंद आणि शेजारचे सगळे एएचयू (हवा गाळून, गार करून आत सोडणारी यंत्रं) चालू असताना. एकच एएचयू चालू ठेवून मोजलेला दाब फसवा असतो, कारण उद्या शेजारच्या ओटीचा चालू झाला की कॉरिडॉरचा दाब बदलतो. मीटर नसेल तर दाराच्या फटीपाशी टिश्यू पेपर धरा, तो बाहेरच्या बाजूला झुकला पाहिजे. दाब टिकत नसेल तर बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो. चौकोनी टाइल्सचं फॉल्स सीलिंग, पेंडंट (छताला टांगलेला वायू-विजेचा खांब) बसवताना छताला पाडलेलं भोक, स्विच बॉक्सच्या मागची उघडी कंड्युट, अशा ठिकाणांहून हवा पळत असते. सगळ्या फटी बुजवून मगच पुन्हा मोजा. एएचयू जास्त वेगाने पळवून आकडा आणून दाखवतील, तो मान्य करू नका.

एएचयूच्या खालची ड्रेन ट्रे वाकून बघा. पाइपला पुरेसा खोल ट्रॅप नसेल तर पंख्याच्या ओढीमुळे पाणी बाहेर न जाता ट्रेमध्येच साचतं. तिथे शेवाळ धरतं, आणि तीच हवा पुढे ओटीत.

संसर्गाच्या रुग्णांच्या आयसोलेशन रूमला हे सगळं उलट: दाब कमी, तासाला १२ बदल, बाहेर टाकलेली हवा दुसऱ्या कुणाच्या खिडकीशी नको. आणि त्या खोलीची खिडकी उघडता येत असेल तर निगेटिव्ह प्रेशर नावापुरतंच.

वीज तोडून बघा

डीजी सेट (डिझेल जनरेटर) चालू करून दाखवणं वेगळं आणि वीज जाणं वेगळं. मुख्य ब्रेकर पाडा, तेही सकाळी डीजी थंड असताना. स्टॉपवॉच लावा. जीवरक्षक सर्किट १५ सेकंदांच्या आत परत आलं पाहिजे. लिफ्ट, चिलर, सीटी हे सगळं जोडलेलं असताना पाडा, नाहीतर डीजी रिकामा पळून दाखवतो. वीज परत आल्यावर बदल नीट होतो का तेही बघा, कारण कित्येक पॅनल जाताना बरोबर वागतात आणि येताना अडकतात.

ग्रामीण भागात पूर्ण वीज जाण्यापेक्षा एकच फेज जाणं जास्त होतं. त्यामुळे तीनपैकी एक फेजचा फ्यूज काढून बघा. एएमएफ पॅनलला (वीज गेली की डीजी आपोआप चालू करणाऱ्या) ते कळलं पाहिजे. नाहीतर दोन फेज आहेत म्हणून डीजी झोपलेला, आणि अर्धा आयसीयू अंधारात. न्यूट्रलचे सगळे सांधे घट्ट आहेत ना, हे थर्मल कॅमेऱ्याने लोड असताना बघा. न्यूट्रल सुटला तर सॉकेटवर २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात आणि मॉनिटर-व्हेंटिलेटर एकदम जातात.

एसएनसीयूला तर लोड टाकल्याशिवाय सोडू नका. एक रेडियंट वॉर्मर साधारण ६०० ते ८०० वॅट घेतो. १२ खाटा म्हणजे फक्त वॉर्मरचे ७.२ ते ९.६ किलोवॅट, शिवाय फोटोथेरपी, पंप, एसी. हे तासन् तास न थांबता चालतं. सगळ्या खाटांना एकाच वेळी तेवढे हीटर लावा, चार तास ठेवा, मग सॉकेट, डीबी (वीजवाटपाची पेटी) आणि मागची केबल कॅमेऱ्याने बघा. गरम ठिपका सापडला तर तार बारीक आहे किंवा स्क्रू ढिला. भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ च्या रात्री एसएनसीयूला लागलेल्या आगीत १० नवजात बाळं गेली. अशा खोलीत हवेत ऑक्सिजन जास्त असतो, आत प्लॅस्टिक आणि कापूस असतो, आणि रुग्ण स्वतःहून हलू शकत नाही. इथे स्मोक डिटेक्टर, बाहेर जायला दुसरं दार आणि काचेतून आतलं बाहेरून दिसणं यांत तडजोड नाही.

ओटीत आयसोलेटेड पॉवर (वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवरची, अर्थला न जोडलेली वीज) असेल तर मॉनिटरचं टेस्ट बटण दाबा. इन्सुलेशन ५० किलोओहमपर्यंत उतरलं की अलार्म वाजला पाहिजे, पण वीज चालू राहिली पाहिजे. त्याच सर्किटवर कुणी उत्साहाने आरसीसीबी (विजेची गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) बसवला असेल तर तो काढा, ऑपरेशन चालू असताना तो ट्रिप होऊन चालणार नाही. यूपीएस प्रत्यक्ष लोडवर बॅटरी संपेपर्यंत चालवा आणि मिनिटं लिहा. अर्थ पिटचं वाचन उन्हाळ्यात घ्या. खडकाळ मुरुमात पावसाळ्यात सुंदर आकडा येतो आणि मे महिन्यात तोच तिप्पट-चौपट.

पाणी

नळ चालू, म्हणजे पाणी झालं असं नाही. पाइपांची दाब चाचणी झाल्यावर तेच पाणी सहा-आठ महिने आत साचून राहतं आणि पाइपच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर धरतो. उघडण्याआधी टाक्या घासून धुवा आणि पूर्ण जाळं ५० पीपीएम (लिटरला ५० मिलिग्रॅम) क्लोरीनने निर्जंतुक करा. १०,००० लिटरच्या टाकीला शुद्ध क्लोरीन ५०० ग्रॅम लागतो, म्हणजे ३० टक्क्यांची ब्लीचिंग पावडर सुमारे १ किलो ७०० ग्रॅम. जुनी, उघडी पडलेली पावडर निम्मीसुद्धा ताकद देत नाही, म्हणून ताजी आणा. ती बादलीत कालवून, निवळून, वरचं पाणी टाका, नाहीतर चुन्याचा गाळ नळांत अडकेल. मग टाकीजवळच्या नळापासून शेवटच्या नळापर्यंत एकेक उघडा, क्लोरीनचा वास आला की बंद करा, तास-दीड तास ठेवा, सगळं वाहून टाका. त्यानंतर नळाला अवशिष्ट क्लोरीन किमान ०.२ पीपीएम आणि जिवाणू तपासणीचा अहवाल. तेव्हापासून उद्घाटनापर्यंत प्रत्येक नळ रोज काही मिनिटं वाहता ठेवायचा. हे सफाई कामगाराला लिहून द्या, नाहीतर होत नाही.

गार पाणी २० अंशांखाली ठेवा, हा थंड देशांचा नियम आपल्याकडे चालत नाही. चंद्रपूरला मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ३० च्या वरच असतं. आपला भरवसा क्लोरीनवर, टाकीच्या सावलीवर आणि पाणी साठून न राहण्यावर. सोलरचं पाणी मात्र टाकीत ६० अंशांपर्यंत तापू द्या. कोमट पाणी साठवणं लिजिओनेला या न्यूमोनिया देणाऱ्या जिवाणूला मानवतं. वापरात नसलेले, टोक बंद केलेले पाइपचे तुकडे मुळापाशी कापायला लावा.

आगीसाठीचा साठा आणि रोजचं पाणी एकाच भूमिगत टाकीत असेल, तर रोजच्या पंपाचा सक्शन पाइप आगीच्या साठ्याच्या पातळीच्या वर आहे ना, हे टाकीत डोकावून बघा. खाली असेल तर टँकर न आलेल्या दिवशी आगीचं पाणीही आंघोळीला गेलेलं असेल. सगळ्यात वरच्या मजल्याच्या हायड्रंटला पाणी सोडून दाब ३.५ बार मिळतो का ते मोजा. फायर अलार्म वाजला की एएचयू थांबले पाहिजेत, मॅग्नेटिक लॉकची दारं उघडली पाहिजेत. लायसन्सप्राप्त एजन्सीचं फॉर्म ए (अग्निसुरक्षा यंत्रणा बसवल्याचा दाखला) घ्या, आणि पुढे दर जानेवारी-जुलैत फॉर्म बी (ती चालू स्थितीत असल्याचा दाखला) लागेल याची नोंद आत्ताच करून ठेवा.

खाट फिरवा

अर्धा दिवस यासाठी. खरी आयसीयू खाट, तिच्यावर एक माणूस, सोबत ऑक्सिजन सिलिंडर, सलाइन स्टँड, दोन सिस्टर. अ‍ॅम्ब्युलन्स पोर्चपासून कॅज्युअल्टी, एक्स-रे, लिफ्ट, ओटी, आयसीयू. जिथे खाट तिरकी करावी लागली, रेलिंग घासली किंवा उंबऱ्याला चाक अडकलं, तिथे खडूने खूण करा. खाटेच्या लिफ्टची खोली २४०० मिमी असते. खाट तेवढ्यात बसते, पण डोक्याशी माणूस उभा राहतो का ते बघा. रॅम्प १:१२ पेक्षा उभा असेल तर भरलेली ट्रॉली उतरताना हातातून सुटते.

बाथरूमच्या आधारदांड्याला एका वजनदार माणसाने सर्व भार टाकून लोंबकळावं. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) भिंतीत साधा फास्टनर धरत नाही, आणि पडतो तो नेमका अशक्त रुग्ण. संडासाची दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी किंवा बाहेरून उचलून काढता येणारी हवीत. एक्स-रे रूमच्या शिशाच्या दाराची चौकटीवर येणारी पट्टी बघा. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याशिवाय ते यंत्र चालू करायचं नाही. टाइल्स, रंग, बिजागऱ्या यांची स्नॅग लिस्ट (किरकोळ दोषांची यादी) शाखा अभियंत्यांवर सोपवा, तुमचा वेळ त्यात घालवू नका.

तीन आठवड्यांचं काय

यातलं सगळं तीन आठवड्यांत बसणार नाही. सर्वात वेळखाऊ असतात पाण्याचे अहवाल आणि ओटीच्या दुरुस्त्या, म्हणून त्या पहिल्या दिवशी सुरू करा. विजेची चाचणी आणि खाट फिरवणं दुसऱ्या आठवड्यात. दोष सापडणारच. दुरुस्तीनंतर तीच चाचणी पुन्हा पूर्ण घ्या, फक्त बदललेल्या तुकड्याची नको.

तारीख हलत नसेल तर बाह्यरुग्ण विभाग, प्रयोगशाळा आणि औषधालय उघडा. फीत तिथे कापता येते. ओटी, आयसीयू, एसएनसीयू आणि प्रसूती कक्ष यांची यादी करून, प्रत्येकासमोर कोणता आकडा अजून आलेला नाही ते लिहून, कार्यकारी अभियंता आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांना लेखी द्या, पोच घ्या. ताबा अंशतः घेतल्याचं पत्रात स्पष्ट असू द्या, म्हणजे दोषदायित्व कालावधी (कंत्राटदाराने दोष स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा काळ) बंद मजल्यांसाठी आजपासून मोजला जाणार नाही. त्या मजल्यांना कुलूप लावाल तेव्हा ऑक्सिजनचे झोन व्हॉल्व्ह बंद ठेवा, नळ मात्र रोज सोडत राहा, आणि एएचयू आठवड्यातून दोनदा तरी चालवा.